लाल पंख, फिकं अंग

१

पिंजऱ्याचं दार उघडं होतं, खोलीची खिडकी उघडी होती, आणि काडीवर आई एकटीच बसली होती. पिल्लू नव्हतं.

मी पाण्याची वाटी घेऊन आत गेले होते. ती वाटी तशीच हातात धरून मी सगळे कोपरे बघितले, कपाटामागे वाकले, बादल्या हलवल्या. पिल्लू नाही म्हणजे नाही.

ते साधं पिल्लू नव्हतं. माझ्या नवऱ्याला सगळी आळी मास्तर म्हणते, म्हणून मीही म्हणते. शाळेत भूमिती शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लाल कॅनरी पाळायला लागले आणि मग पक्षीपाळ मंडळाचेही मास्तर झाले. त्यांचा सगळ्यात गडद लाल, सगळ्यात गोड गळ्याचा नर त्या वर्षी म्हातारा होऊन मेला. जाताना मादीच्या पोटी अंडी ठेवून गेला, त्यातलं एकच फुटलं. वंशाचं एवढंच उरलेलं.

आणि मास्तरांनी ते पाहिलंसुद्धा नव्हतं. त्याच सुमाराला त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. आधी पट्टी, मग काळा चष्मा, आणि डॉक्टरांनी बजावलेलं की पिसांच्या धुळीत पाय ठेवायचा नाही. तेव्हा पक्ष्यांची खोली सूनबाईकडे होती. किल्ली तिच्या कमरेला, कुलूप मात्र रात्रीच लागायचं. वारा लागू नये म्हणून ती त्या पिंजऱ्यावर कापड टाकून ठेवायची, त्यामुळे पिल्लू आम्ही कुणीच नीट पाहिलं नव्हतं. मास्तर आपले खाटेवरून विचारायचे, आज चोचीनं फोडून खाल्लं का, आज आवाज काढला का, आणि ती सांगायची.

त्या दुपारी खोलीकडे तिघंच गेली होती. सूनबाई. शेजारची शिलाईवाली, तीही मंडळात, पक्ष्यांचं धान्य उसनं घ्यायला आली होती. आणि सगळ्यांत शेवटी माझा पाठचा भाऊ, पोरांचा मामा. तो कबुतरं पाळतो. भाऊजींच्या डोळ्यांची विचारपूस करायला आला होता.

मास्तरांनी कुणाला काही विचारलं नाही. सूनबाईला समोर उभं केलं आणि म्हणाले, खिडकी तू उघडी टाकलीस. तिने एवढंच सांगितलं की खिडकी मी लावली होती. मग त्यांनी विचारलं, पिल्लाला काय घालत होतीस, कसं होतं ते, नीट सांग. त्यावर मात्र ती खाली बघायला लागली.

"मन साफ असतं ना, त्याची मान अशी खाली जात नाही," मास्तर म्हणाले आणि किल्ली मागून घेतली.

त्यानंतर घरात भांड्यांचा आवाज तेवढा व्हायचा. महिना गेला आणि सूनबाई चार दिवस माहेरी जाऊन येते म्हणून गेली. चार दिवसांचे कितीतरी झाले. मग एका सकाळी मुलगा दाढी करता करता म्हणाला की आई, मी खोल्या बघतोय, आम्ही वेगळे राहू.

मी फोन उचलला आणि वन्संना बोलावलं.

२

वन्सं म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. पोलीस खात्यात जन्म काढला. आवाज असा की बोलल्या तर शेजारचं कुत्रं बसतं. आल्या, चपला काढल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही माझ्याबरोबर राहायचं. माझ्याशी लोक खोटं बोलतात, ते मला चालतं. पण तुमच्यासमोर खोटं बोलताना त्यांचं तोंड कसं होतं, ते मला बघायचंय."

पहिली पाळी मास्तरांची. वन्संनी त्यांना पक्ष्यांच्या खोलीतच उभं केलं.

"दार उघडं, खिडकी उघडी. आई कुठे होती?"

"काडीवर."

"तिला उडता येतं?"

"ताई, काय विचारतेस. चांगली उडते."

"म्हणजे जिला उडता येतं ती बसून राहिली, आणि जे आत्ता कुठे घरट्याबाहेर आलं, ते आईला सोडून खिडकीतून गेलं."

मास्तरांनी पिंजऱ्याचं दार एकदा लावून, एकदा उघडून पाहिलं. भूमितीच्या माणसाला अशी गोष्ट लागते. पिल्लू उडालं नव्हतं, कुणीतरी हाताने उचललं होतं, हे इतक्या महिन्यांत त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. आम्ही दोघं चिडण्यात आणि रडण्यात गुंतलो होतो.

मग वन्संनी विचारलं, आत्ता ते पाखरू दिसेल कसं? झालं. मास्तरांचा चेहरा उजळला. शिकवायला मिळालं की ते सगळं विसरतात.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. लाल कॅनरीचा लाल रंग नुसता जन्माने येत नाही, खाण्यातून येतो. अंड्याच्या चुऱ्यात लाल भुकटी मिसळून घालावी लागते, आणि तीही पिसं उगवत असताना. एकदा पीस पूर्ण वाढलं की ते कापडासारखं झालं. मग पक्ष्याला काहीही घाला, त्या पिसाचा रंग बदलत नाही. ते गळून नवं येईल तेव्हाच बदल. मोठ्या पक्ष्याची पिसं वर्षातून एकदा गळतात, अंगाची, पंखांची, शेपटीची, सगळी एकाच हंगामात. यालाच मंडळी पिसगळ म्हणतात.

"आणि पिल्लाची?"

"पिल्लाची पहिली पिसगळ अर्धीच. अंगावरची मऊ पिसं तेवढी गळतात. पंखांची आणि शेपटीची लांब पिसं घरट्यातली तीच राहतात, थेट पुढच्या वर्षापर्यंत."

शिवाय त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मंडळात सगळ्यांच्या गळी उतरवला होता. घरट्यातल्या पिल्लाला लाल भुकटी द्यायची नाही. कोवळं पोट बिघडतं, असं त्यांचं मत. भुकटी पहिली पिसगळ सुरू झाल्यावर. त्यामुळे त्यांच्या घरच्या पहिल्या वर्षाच्या पाखराचं अंग लाल आणि पंख फिके असतात.

वन्संनी हिशेब मांडला. पिल्लू पिसगळीच्या आधी गेलं. चोराला ते ओळखू द्यायचं नसेल तर तो भुकटी देणार नाही. म्हणजे अंगही फिकं, पंखही फिके.

"बरोबर," मास्तर म्हणाले. "नखशिखांत पिवळट. आणि यंदाचं."

मग एकदम थांबले, काळा चष्मा नसतानाही डोळ्यांवर हात धरला, आणि हळूच म्हणाले की असं एक पाखरू मी पाहिलंय. भिंतीपलीकडे.

३

शिलाईवालीच्या घरात यंत्राच्या वरच पिंजरा टांगलेला. त्यात एक पिवळट पाखरू, डोक्यापासून शेपटीपर्यंत एका रंगाचं. कोवळं, यंदाचंच.

वन्सं स्टुलावर बसल्या आणि ब्लाउजच्या बाहीबद्दल विचारू लागल्या. बाहीवरून गळ्यावर, गळ्यावरून पक्ष्यांवर. शिलाईवाली तोंडात टाचण्या धरून उत्तरं देत होती. तिला सगळं समजलं होतं. शेवटी टाचण्या काढून तिने उशीला टोचल्या.

ती म्हणाली की हे पाखरू मी बाजारातून आणलं, साधं पिवळ्या जातीचं आहे, लाल भुकटी कालवायला मला सवड नाही. मास्तरांच्या पिल्लाला हात लावायची माझी छाती नाही, कारण मंडळात त्यांच्यासमोर शिंकायचं झालं तरी लोक आधी विचारतात. त्या दुपारी ती धान्य घेऊन गेली तेव्हा खिडकी लावलेली होती. हे तिने मास्तरांना तेव्हाच सांगितलं असतं, पण विचारतंय कोण.

"खिडकी लावलेली होती, हे नक्की?" वन्संनी विचारलं.

"काचेत बघून केस नीट केले मी. उघड्या खिडकीत कसे करणार?"

वन्संनी मंडळातल्या बाकीच्यांची चौकशी केली. घरट्यातल्या पिल्लाला कुणी भुकटी देतं का? शिलाईवाली हसली. म्हणाली, मास्तर फाडून खातील. कुणी देत नाही.

आम्ही परतलो तर मास्तर कोट घालून दारात उभे. फिकं अंग, फिके पंख, यंदाचं पाखरू, आणि बाई त्याच दुपारी घरात आलेली. आणखी काय हवं? ते मंडळाच्या कचेरीत जाऊन तिचं नाव काढून टाकायला निघाले होते. जाता जाता सुनेला निरोप पाठवतो म्हणाले, की चूक माझी झाली, चोर सापडला.

मला तर तिथेच हात जोडावेसे वाटले. सूनबाई परत येणार, मुलगा खोल्या बघायचं सोडणार. शेजारणीचं काय होईल ते होवो, असंही मनात आलं.

वन्संनी भावाच्या कोटाचं वरचं बटण काढलं.

"त्या दुपारी खोलीकडे तिघं गेली होती. तिसऱ्याचं घर राहिलंय."

तिसरा माझा भाऊ होता.

४

मामाच्या घरी पाखरू आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. लपवलेलं नव्हतंच. मामीचे गुडघे गेल्यापासून ती खिडकीजवळच्या खुर्चीतून उठत नाही, तिला सोबत म्हणून त्याने कॅनरी आणली होती. मास्तर ती बघूनही आले होते आणि नाक मुरडून म्हणाले होते की कुणीतरी अर्धवटाने वाढवलंय. पंख लाल आणि अंग फिकं. म्हणजे घरट्यात भुकटी दिली आणि नेमकी पिसगळीत बंद केली. आमच्या घरचं उलटं असतं, तेव्हा आमचं नाहीच ते.

पाखरू गात होतं. मामी डोळे मिटून ऐकत होती. मी तिच्याजवळ बसले. माझ्या भावाच्या घरी मी चौकशीला आले होते, आणि तिने मला उशी दिली.

मामाने वन्संना गच्चीवर नेलं, मागोमाग मी. तिथे त्याचं राज्य. एक तरुण कबुतर त्याने अलगद धरलं, पंख पंख्यासारखा उघडून दाखवला. मधे दोन पिसं नव्हती, त्यांच्या जागी नवी कोंबासारखी येत होती.

"हे बघा ताई. यंदाचं पिल्लू. पंखाचं एकेक पीस टाकत चाललंय. थोड्या दिवसांत घरट्यातलं एकही राहणार नाही. सगळा कपडा नवा."

"सगळ्याच पक्ष्यांचं असं?"

"पाखरू ते पाखरू. जुनं टाकल्याशिवाय नवं कसं येणार?"

तो कबुतरांबद्दल बोलतो तेव्हा छान बोलतो. वन्संनी त्याला बोलू दिलं. मग खाली उतरताना जिन्यात सहज विचारलं की मामीचं पाखरू किती वर्षांचं. तो म्हणाला, दोन तरी असेल. एका ओळखीच्या माणसाकडे होतं, गेल्या वर्षीही असंच दिसायचं, मी स्वतः पाहिलंय.

वन्संनी माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही रस्त्याला लागलो. मग म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या भावाने माझ्याशी खोटं का बोलावं?"

मी म्हटलं, कशावरून.

"मोठ्या पाखराची सगळी पिसं एकाच हंगामात येतात. एकाच हंगामात, एकाच खाण्यावर, मग दोन रंग कुठून? पंख एका घरात वाढले आणि अंग दुसऱ्या घरात, असं पहिल्या वर्षीच होतं. ते पाखरू यंदाचं आहे. आणि तो सांगतो दोन वर्षांचं."

मी म्हटलं की पण आमचं कसं असेल, आमच्याकडे घरट्यात भुकटी देत नाहीत. मास्तरांचा नियम आहे.

"मास्तरांचा आहे," वन्सं म्हणाल्या. "पण तेव्हा मास्तर खाटेवर होता."

आम्ही घरी गेलोच नाही. तिथूनच सूनबाईच्या माहेरची गाडी धरली.

५

सूनबाईने दार उघडलं, मला वाकून नमस्कार केला, आत्यांना केला, आणि विचारलं की बाबांचे डोळे कसे आहेत. मी म्हटलं, बरे आहेत.

वन्संनी बसायच्या आधीच विचारलं.

"त्या पिल्लाच्या आईला तू लाल भुकटी घालत होतीस?"

तिने पुन्हा खाली बघितलं. तीच मान. या वेळी मात्र वन्सं थांबून राहिल्या.

मग हळूहळू आलं. बाबा नेहमी म्हणायचे की पंखही लाल असलेलं पाखरू कसं दिसेल कुणास ठाऊक, पण पोट बिघडेल म्हणून करून बघत नाही. हिने ठरवलं की करून बघू. आईच्या चुऱ्यात अगदी चिमूटभर. आई तेच पिल्लाला भरवायची. पिल्लू धडधाकट राहिलं आणि पंख फुटले ते लाल; ते कुणाला दिसू नयेत म्हणूनच पिंजऱ्यावर कापड. पट्टी सुटली, चष्मा उतरला की बाबांना हाताला धरून खोलीत न्यायचं आणि काही न बोलता दाखवायचं, असं तिच्या मनात होतं.

"आणि मग ते गेलं. काय घालत होतीस म्हणून बाबांनी विचारलं, तेव्हा खरं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, नियम मोडून मारलंस आणि आता खिडकीवर ढकलतेस. मलाच खात्री नव्हती, आत्या. वाटलं, खरंच पोट बिघडून कुठे कोपऱ्यात पडलं असेल."

"मेलं नाही ते," वन्सं म्हणाल्या. "मजेत गातंय. ऊठ, पिशवी भर."

ती उठली नाही. म्हणाली की माझ्यावर आळ सगळ्यांसमोर आला, तो जायचा तर सगळ्यांसमोर जाऊ दे, नाहीतर मी इथे बरी आहे.

मी तिच्या जागी असते तर लगेच उठले असते, आणि जन्मभर मनात ठेवलं असतं. तिचं बरोबर होतं.

"होईल," वन्संनी सांगितलं. त्यांनी हो म्हटलं की ते होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बैठकीत सगळे बसले. मास्तर, मुलगा, शिलाईवाली, मामा. सूनबाई माझ्याजवळ. मामाला वन्संनी पाखरू घेऊन यायला सांगितलं होतं. मास्तरांना बघायचंय म्हणून. त्याने पिंजरा टेबलावर ठेवला आणि खुशाल बसला.

वन्संनी आधी सूनबाईला बोलायला लावलं. तिने भुकटीचं सांगितलं.  मास्तर उठून पिंजऱ्याशी गेले आणि वाकून त्या लाल पंखांकडे बघत राहिले. या पाखराला त्यांनी एकदा पाहून नाही म्हटलं होतं.

"आता मामा," वन्सं म्हणाल्या. "तू बेफिकीर का राहिलास, ते सांगते. कबुतराचं पिल्लू पहिल्या वर्षीच पंखाची पिसं टाकतं. तुला वाटलं, हेही टाकणार. पंख लाल राहिले, तेव्हा तुझी समजूत झाली की नवी पिसंसुद्धा लालच आली, जात तशी असेल. तुझ्या मते या घरातलं एकही पीस त्याच्या अंगावर उरलं नव्हतं, म्हणून तू ते उघड्यावर टांगलंस. कॅनरी पाळणाऱ्याने हे पंख दुसऱ्याच दिवशी कापडाखाली झाकले असते. शिलाईवालीने तर नक्कीच."

"मी वाट कशाला बघेन, उपटून काढले असते," शिलाईवाली म्हणाली. मग जीभ चावली.

मामा हसला, पण ते हसू मधेच संपलं. तो म्हणाला की मी भाऊजींकडे दोनदा मागितलं होतं. दिवसभर एकटी असते, एखादं गाणारं द्या. भाऊजी चारचौघांत म्हणाले की तू कबुतरंच सांभाळ, कॅनरी तुझ्या हाती टिकायची नाही. मास्तरांनी मान हलवली. बोलले होते ते.

"ते समजलं," वन्सं म्हणाल्या. "मला एवढंच सांग, खिडकी कुणी उघडली?"

 शिलाईवाली गेली तेव्हा खिडकी बंद होती. त्यानंतर खोलीकडे गेला तो एकटा मामाच. मी माझ्या भावाकडे बघत होते. मनात म्हणत होते, वाऱ्याने उघडली म्हण. खोटं बोल.

"मी," तो म्हणाला. "पाखरू उडालं असं वाटावं म्हणून."

"आणि लावायचं काम कुणाचं होतं, ते तुला ठाऊक होतं."

"होतं."

"नंतर तू या घरात जेवलास. ती वाढत होती."

 पाखरू चोरलं हे मी भावाला माफ केलं असतं, बायकोसाठी चोरलं म्हणून थोडं कौतुकही केलं असतं. खिडकीचं मला जमलं नाही. मी उठून सूनबाईच्या दुसऱ्या बाजूला बसले, म्हणजे तो आणि ती यांच्यामध्ये.

मास्तर पिंजऱ्यापासून वळले. शाळेत चुकीचं उत्तर फळ्यावर लिहिलं तर ते स्वतः पुसायचे, पोरांकडून पुसून घेत नसत. खिशातून खोलीची किल्ली काढून त्यांनी सगळ्यांसमोर सूनबाईच्या हातात दिली.

"चूक माझी होती. तू सांगितलंस की खिडकी लावली होती, तेव्हाच मी ऐकायला हवं होतं. पाखराचं काय करायचं ते तू ठरव. आणि याचं काय करायचं तेही."

मुलगा म्हणाला, पाखरू घरी ठेवायचं, त्यात विचारायचं काय. शिलाईवालीचंही तेच मत. मामा उठून उभा राहिला, आता हे पिंजऱ्यासकट इथे ठेवून जायचं असं गृहीत धरून. घरी खुर्चीत बसलेल्या बाईला काय सांगणार, असा त्याचा चेहरा.

सूनबाईने पिंजऱ्याचं दार उघडून हात आत घातला. पाखरू बोटावर आलं. तिने पंख हळूच उलगडून पाहिला, मग मिटला आणि त्याला काडीवर ठेवलं.

"पाखरू मामींकडेच राहील. त्यांनी काही केलेलं नाही. पुढे जोडी लावून पिल्लं झाली की त्यातली पहिली बाबांची." मग ती मामाकडे वळली. "आणि मामा, तुम्ही रोज सकाळी इथे यायचं. खोली झाडायची, ट्रे धुवायचे, पाणी बदलायचं. हे लाल पंख गळेपर्यंत."

मामाने जरा हिशेब केला. कबुतराचा हिशेब होता बहुतेक, कारण तोंडावर थोडी आशा आली.

"म्हणजे साधारण कधीपर्यंत?"

"पुढच्या वर्षीची पिसगळ," मास्तर म्हणाले. खुर्ची ओढून ते त्याच्यासमोर बसले आणि खडू धरावा तशी दोन बोटं वर केली. "बस. पहिल्यापासून समजावतो."